पंडिता रमाबाई : लोककार्यांतील एक स्त्री

पंडिता रमाबाई हें नांव आमच्या मंडळ्यांत ज्याच्या कानीं पडलें नाहीं असा मनुष्य क्वचितच सांपडेल. केडगांवचें मुक्तिसदन, दुष्काळांतून वांचविलेल्या मुली, सोप्या मराठींतील बायबल, इतक्या गोष्टी आमचे उपदेशक बंधु लोकांस वरचेवर सांगत असतात, आणि त्या सांगाव्या हें योग्यच आहे. परंतु या थोर बाईंच्या आयुष्याची आणखी एक बाजू आहे, व तिचा उच्चार खेड्यांतील मंडळ्यांत फार थोडा होतो. रमाबाई या केवळ अनाथांच्या माता नव्हत्या. लोककार्यांत, ज्याला आपण आज राजकारण म्हणतों त्यांत, पाऊल घालणाऱ्या पहिल्या हिंदी स्त्रियांपैकीं त्या एक होत्या. आणि त्या कार्यांत उभ्या असतां त्यांस पुन्हां पुन्हां एकच प्रश्न विचारण्यांत आला. तो हा कीं, ही बाई कोणाची? शास्त्रीमंडळींनीं तो विचारिला, इंग्रज धर्मगुरूंनीं विचारिला, देशाभिमानी पुढाऱ्यांनींहि विचारिला. त्या प्रश्नाला त्यांनीं आपल्या आयुष्यानें काय उत्तर दिलें तें आज वाचकांपुढें ठेवावें असा आमचा हेतु आहे.

आमच्या वाचकांस हा प्रश्न परका नाहीं. हिंगोली, कळमनुरी, सेनगांव, वसमत आणि औंढा नागनाथ या पांच तालुक्यांतील खेड्यापाड्यांत आज पुष्कळ स्त्रिया ग्रामपंचायतींत बसतात. १९९३ सालीं अमलांत आलेल्या घटनादुरुस्तीनें पंचायतींत स्त्रियांकरितां निदान एक तृतीयांश जागा राखल्या गेल्या, आणि २०११ सालीं महाराष्ट्रानें तो वांटा निम्म्यावर नेला. कायद्यानें दार उघडलें आहे. परंतु त्या दारांतून आंत जाणाऱ्या स्त्रीला, आणि ती ख्रिस्ती असली तर विशेषेंकरून, पुष्कळदां सुचविण्यांत येतें कीं, आंत यावयाचें तर आपलें कांहीं तरी उंबऱ्याबाहेर ठेवून ये. कोणी म्हणतो, धर्म बाहेर ठेव. कोणी म्हणतो, बोलणें बाहेर ठेव, सहीपुरती ये आणि कारभार नवऱ्यावर सोड. रमाबाईंस असें प्रत्येक दारीं सांगण्यांत आलें, आणि प्रत्येक दारीं त्या आपलें सर्वस्व घेऊनच आंत गेल्या किंवा बाहेर उभ्या राहिल्या.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं पश्चिम घाटांतील गंगामूळ नांवाच्या अरण्यांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कोंकणस्थ ब्राह्मण, संस्कृताचे गाढे विद्वान. तरुणपणीं पुण्यास गुरूपाशीं शिकत असतां त्यांनीं पेशव्यांच्या वाड्यांत राणीसाहेबांस संस्कृत शिकविलें जात असलेलें पाहिलें, आणि आपल्याहि घरीं तसेंच व्हावें असें त्यांच्या मनानें घेतलें. पुढें त्यांनीं आपली पत्नी लक्ष्मीबाई यांस संस्कृत शिकविण्यास आरंभ केला तेव्हां घरच्या व बाहेरच्या लोकांनीं गहजब केला. शास्त्रीबुवांनीं वाद घातला, आधार दाखविले, आणि लोकांचें तोंड थांबेना तेव्हां रानांत जाऊन राहिले. तेथेंच लक्ष्मीबाई शिकल्या, आणि पहांटे इतर कामें सुरू होण्यापूर्वीं लेकीला उठवून पाठ देऊं लागल्या. रमाबाईंस भागवताचे अठरा हजार श्लोक मुखोद्गत झाले ते आईच्या तोंडून ऐकून. म्हणजे स्त्रीनें शिकावें कीं नाहीं हा वाद रमाबाईंच्या जन्माआधींच त्यांच्या घरीं लढला गेला होता, आणि त्याची किंमत त्या घरानें अरण्यवासानें भरली होती.

पुढें घरचें द्रव्य संपलें व हें कुटुंब तीर्थोतीर्थीं पुराण सांगत हिंडूं लागलें. तशांत दुष्काळ आला. दुष्काळ म्हणजे काय तें मराठवाड्यांतील माणसांस आम्हीं सांगावयास नको. १८७४ च्या सुमारास थोड्याच महिन्यांच्या अंतरानें अनंतशास्त्री, लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण कृष्णाबाई अन्नावांचून खंगून मरण पावलीं. मागें राहिलीं रमाबाई आणि त्यांचे बंधु श्रीनिवास. अंगावर पुरेसें वस्त्र नाहीं, पोटाला कधीं आहे कधीं नाहीं, अशा स्थितींत तीं दोघें बहीणभाऊ शेंकडों कोस पायीं चाललीं आणि १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचलीं. तेथील पंडितांनीं या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली व तिला पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. ज्या विद्येपायीं घर सोडावें लागलें, त्या विद्येचा सन्मान परप्रांतांत, परभाषेच्या लोकांकडून झाला.

१८८० सालीं भाऊहि गेला. त्याच सालीं रमाबाईंनीं बिपिनबिहारी दास मेधावी नांवाच्या बंगाली वकिलाशीं सरकारी कायद्यानें विवाह केला. वर शूद्र मानलेल्या जातीचा, वधू ब्राह्मण. भाषा निराळी, प्रांत निराळा. दोन्हीं बाजूंच्या लोकांनीं त्यांस वाळींत टाकिलें. हा संसार पुरतीं दोन वर्षेंहि टिकला नाहीं. १८८१ च्या एप्रिलांत मुलगी मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारींत बिपिनबाबू पटकीनें वारले. तेविसाव्या वर्षीं विधवा, कडेवर तान्हें मूल, आणि जगांत आपलें म्हणावें असें माणूस नाहीं, अशा स्थितींत ही बाई महाराष्ट्रांत आली.

येथून त्यांच्या लोककार्यास आरंभ होतो. पुण्यास येतांच १८८२ सालीं त्यांनीं आर्य महिला समाज स्थापन केला. न्यायमूर्ति रानडे व त्यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांचें त्यांस साह्य होतें. बायकांनीं एकत्र जमावें, वाचावें, बालविवाहासारख्या रूढींविषयीं बोलावें, हा त्या समाजाचा उद्देश. पुणें सोडून इतर गांवींहि त्याच्या शाखा निघाल्या. त्याच सालीं सरकारनें नेमलेलें हंटर शिक्षण कमिशन पुण्यास आलें, आणि रमाबाईंनीं त्याच्यापुढें मराठींत साक्ष दिली. मुलींच्या शाळांस स्त्री शिक्षिका व स्त्री तपासनीस पाहिजेत, आणि स्त्रियांस वैद्यकीचें शिक्षण मिळालें पाहिजे, कारण पुरुष वैद्यापुढें आपलें दुखणें सांगण्यापेक्षां आमच्या बायका मरण पत्करतात, असा त्या साक्षीचा सारांश होता. आमच्या वाचकांनीं हें लक्षांत घ्यावें कीं, त्या वेळीं हिंदुस्थानांत कोणाहि स्त्रीला मत नव्हतें, पुरुषांपैकींहि मूठभरांसच होतें. मत नसतांहि सरकारच्या तोंडापुढें उभें राहून आपल्या बहिणींचें गाऱ्हाणें मांडतां येतें, हें त्यांनीं दाखविलें.

स्वतः वैद्यकी शिकावी या हेतूनें १८८३ सालीं त्या मुलीसह इंग्लंडास गेल्या. कानांनीं कमी ऐकूं येत असल्यामुळें वैद्यकीचा बेत पुढें सोडावा लागला. वाँटेज येथील धर्मभगिनींच्या मठांत त्या राहिल्या, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांनीं मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. ही वार्ता महाराष्ट्रांत येतांच काय खळबळ उडाली असेल तें वाचकांनींच ताडावें. ज्यांनीं सरस्वती म्हणून गौरव केला होता त्यांपैकीं कित्येकांस ती आतां परकी वाटूं लागली. धर्म बदलला म्हणजे देश बदलला, असा समज त्या काळीं होता, आणि तो अजून पुरा गेलेला नाहीं.

परंतु या समजाचें दुसरें टोंक विलायतेंत होतें, आणि तें आमच्या लोकांस ठाऊक असणें अवश्य आहे. ज्यांनीं प्रेमानें आसरा दिला त्यांचीहि अपेक्षा अशी कीं, बाप्तिस्मा घेतलेल्या या हिंदी बाईनें आतां सांगितल्याप्रमाणें चालावें. रमाबाई शाकाहारी राहिल्या, त्यावर बोलणें झालें. गळ्यांतील क्रुसावर लॅटिन अक्षरें असावींत असें भगिनींचें मत. रमाबाईंचें म्हणणें, संस्कृत असावींत, कारण ती माझ्या पूर्वजांची भाषा आहे. चेल्टनहॅमच्या कॉलेजांत असतां त्यांनीं पुरुषांस शिकवावें कीं काय असा प्रश्न निघाला, तेव्हां हिंदुस्थानांतील बिशपांनीं हरकत घेतली कीं, यानें स्वदेशीं या बाईंची अप्रतिष्ठा होईल. यावर रमाबाईंनीं स्पष्ट कळविलें कीं, मीं माझ्या देशांत पंडितांच्या व पुरुषांच्या सभांपुढें व्याख्यानें दिलीं आहेत, आणि तेथें कोणी मला अप्रतिष्ठित मानिलें नाहीं. मतांच्या बाबतींतहि त्यांचा निश्चय असाच. एका पुरोहितवर्गाचें जूं मानेवरून काढून टाकल्यावर दुसऱ्याचें मानेवर घेणार नाहीं, ख्रिस्तावर माझा विश्वास आहे, तो मी शास्त्र वाचून आणि विवेकानें ठरवीन, असा त्यांचा भाव होता.

यांत उद्धटपणा नव्हता. ज्या धर्मभगिनी त्यांच्याशीं वाद घालीत त्यांच्यावर त्यांचा लोभ होता, आणि पुढेंहि कित्येक वर्षें पत्रव्यवहार चालू राहिला. प्रेम ठेवून मतभेद सांगणें, आणि मतभेद असतांहि प्रेम न सोडणें, हा धडा आमच्या मंडळ्यांनीं विशेष घ्यावा असा आहे.

१८८६ सालीं त्या अमेरिकेस गेल्या, त्या आपल्या दूरच्या आप्त आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाकरितां. ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फिया येथें आनंदीबाई डॉक्टर झाल्या. एक हिंदु राहिलेली, एक ख्रिस्ती झालेली, दोघीहि लुगड्यांत, एकाच सभागृहांत बसल्या होत्या, आणि एकीच्या यशाचा दुसरीला आनंद झाला होता. आनंदीबाई दुर्दैवानें पुढल्याच वर्षीं वारल्या. रमाबाई मात्र सुमारें तीन वर्षें त्या देशांत राहून व्याख्यानें देत फिरल्या. उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीविषयीं त्यांनीं इंग्रजींत १८८७ सालीं पुस्तक लिहिलें, आणि हिंदी विधवांच्या शिक्षणाकरितां तेथें रमाबाई असोसिएशन नांवाची मंडळी उभी राहिली. त्यांनीं तेथें काय पाहिलें? तेथील बहुतेक प्रांतांत त्या वेळीं स्त्रियांस मत नव्हतें. तरी त्यांनीं संस्था काढिल्या होत्या, वर्गणी गोळा करून हिशेब ठेविले होते, दारूबंदीची चळवळ चालविली होती. १८८९ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या मराठी प्रवासवृत्तांत रमाबाईंनीं हें सर्व स्वदेशीय बहिणींकरितां सविस्तर लिहून ठेविलें आहे.

११ मार्च १८८९ रोजीं, म्हणजे आनंदीबाईंच्या पदवीनंतर बरोबर तीन वर्षांनीं, मुंबईस शारदासदन उघडलें. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत मुंबईस राष्ट्रीय सभेची पांचवी बैठक भरली. सर विल्यम वेडरबर्न अध्यक्ष होते, आणि सालाचा आंकडा व प्रतिनिधींचा आंकडा योगायोगानें एकच, १८८९, होता. इतक्या पुरुषांत सुमारें दहा स्त्रिया प्रथमच प्रतिनिधि म्हणून बसल्या. बंगालच्या कादंबिनी गांगुली व स्वर्णकुमारी देवी होत्या, आणि महाराष्ट्राच्या पंडिता रमाबाई होत्या. बाप्तिस्म्याला सहा वर्षें लोटलीं होतीं. ख्रिस्ती होऊन ही बाई देशाबाहेर गेली असें म्हणणाऱ्यांस याहून स्पष्ट उत्तर काय असूं शकेल? त्या काळीं बंगालचे कालीचरण बॅनर्जी यांसारखे ख्रिस्ती गृहस्थहि त्या सभेंत वागत असत. तेव्हां देशकार्य हें एका धर्माचें वतन नव्हे हें तेव्हांच्या विचारी पुढाऱ्यांसहि मान्य होतें.

राष्ट्रीय सभेला जोडूनच सामाजिक परिषद भरत असे. तेथें विधवांच्या केशवपनाविरुद्ध ठराव आला, आणि त्यावर रमाबाई बोलावयास उठल्या. त्यांचा आवाज मंडपांत पुरेसा पोंचेना, तेव्हां मोठ्यानें बोला अशी मागणी झाली. रमाबाईंनीं शांतपणें उत्तर दिलें कीं, आजवर तुम्हीं स्त्रियांच्या आवाजाला बळ येऊंच दिलें नाहीं, मग तो तुमच्यापर्यंत पोंचावा कसा? अशी ती हकीकत सांगतात. ग्रामसभेंत एखादी भगिनी उठली आणि तिचा आवाज कांपला म्हणून जे हंसतात, त्यांनीं ही हकीकत मनांत धरावी. आवाज जन्मतः लहान नसतो. तो वापरूं न दिल्यानें लहान होतो.

आतां शारदासदनाची गोष्ट. रमाबाईंनीं वचन दिलें होतें कीं, येथें कोणाच्या धर्मांत हात घातला जाणार नाहीं. हिंदु मुलींनीं आपल्या चालीप्रमाणें सोंवळेंओंवळें पाळावें, जेवावें, पूजा करावी. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नांवाची बालविधवा होती. १८९० सालीं सदन पुण्यास आलें. रमाबाई आपली प्रार्थना दार न लावतां करीत, आणि कांहीं मुली आपखुशीनें येऊन बसत. यावरून वादळ उठलें. वर्तमानपत्रांनीं, त्यांत टिळकांचा केसरी प्रमुख, कडक टीका केली. १८९३ सालीं रानडे व भांडारकर यांसारख्या हितचिंतकांनींहि सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले, आणि वीस-पंचवीस मुलींस पालकांनीं काढून नेलें.

या प्रकरणीं आम्ही एकाच बाजूचें बोलणार नाहीं. ज्या बापानें विधवा लेक विश्वासानें पाठविली त्याची भीति समजण्यासारखी होती. आमच्यांतील एखाद्या बापानें आपली लेक परधर्मीयांच्या वसतिगृहांत ठेविली आणि ती तेथील पूजेस बसूं लागली, तर त्याला काय वाटेल याचा विचार आपणहि करावा. रमाबाईंचें म्हणणें असें कीं, मी कोणावर जुलूम करीत नाहीं, परंतु माझा विश्वास लपवूनहि ठेवणार नाहीं, आणि एखादी मुलगी आपल्या इच्छेनें येऊन बसली तर तिला उठवून लावणारहि नाहीं. दोन्हीं बाजूंस प्रामाणिक माणसें होतीं, आणि तरीहि तुटलें. भेद असतांना एकत्र राहणें किती कठीण आहे हें यावरून दिसतें.

परंतु तुटलें तें सर्वच तुटलें नाहीं. त्याच १८९३ च्या मार्चांत गोदूबाईंचा पुनर्विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशीं झाला, आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. त्या हिंदूच राहिल्या. पुढें कर्व्यांनीं १८९६ सालीं विधवांकरितां आश्रम व १९१६ सालीं स्त्रियांचें विद्यापीठ काढिलें. रमाबाईंच्या ओसरीवर शिकलेल्या एका हिंदु विधवेचा संसार महाराष्ट्राच्या स्त्रीशिक्षणाचें मोठें केंद्र झाला, याहून त्या वचनाची साक्ष ती कोणती? शिष्येनें आपल्या धर्मांत यावें तरच आपलें काम फळाला आलें, असें मानणाऱ्यानें ही गोष्ट पुन्हां एकदां वाचावी.

यानंतरहि रमाबाई सत्ताधाऱ्यांस बोलावयास भ्यायल्या नाहींत. १८९७ सालीं पुण्यांत प्लेगचा कहर होता, आणि घरोघर झडत्या घेणाऱ्या अधिकाऱ्यांविरुद्ध लोक संतापले होते. प्लेगच्या इस्पितळांत स्त्रियांची जी आबाळ व विटंबना होई तिजविषयीं रमाबाईंनीं बॉम्बे गार्डियन पत्रांत उघड पत्र लिहिलें. तें प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत गेलें. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनीं आरोप नाकारले. सरकार ख्रिस्ती, गव्हर्नर ख्रिस्ती, तक्रार करणारीहि ख्रिस्ती. तरी स्त्रियांची अब्रू म्हणतांच त्यांनीं राज्यकर्त्यांच्या धर्माकडे पाहिलें नाहीं. ख्रिस्ती मनुष्य म्हणजे इंग्रजांचा मनुष्य, असें म्हणणाऱ्यांचें तोंड या एका पत्रानें बंद व्हावयास हवें होतें.

त्याच सुमारास मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तेथें गेल्या आणि सुमारें तीनशें मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्याहून दौंडाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगांवीं त्यांनीं जमीन घेतली होती. तेथें मुक्तिसदन वसलें. १९०० च्या गुजराथच्या दुष्काळानंतर तेथील माणसांची संख्या दोन हजारांच्या घरांत गेली. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, सर्व कामें स्त्रियाच करीत. अंधांस बोटांनीं वाचावयास शिकविलें जाई. समाजानें टाकून दिलेल्या स्त्रियांकरितां कृपासदन होतें. ब्राह्मण घरांतील विधवा आणि रस्त्यावर सांपडलेली अस्पृश्य मानलेल्या घरची पोर एका विहिरीचें पाणी पीत. हेंहि राजकारणच होतें असें आम्ही म्हणतों. कारण कोणी कोणाबरोबर जेवावें, कोणी कोणत्या विहिरीवर जावें, यावरच आमच्या गांवांची सत्ता शेंकडों वर्षें चालली आहे.

हिंगोली त्या काळीं निजामाच्या राज्यांत होतें, आणि १९४८ पर्यंत राहिलें. त्या राज्यांतहि या कार्याचा एक धागा आला. मनोरमेनें गुलबर्गा येथें शाळा चालविली. पुढें २४ जुलै १९२१ रोजीं ती आईच्या आधीं गेली. त्याच वर्षीं मुंबईच्या कायदेमंडळानें स्त्रियांस मताचा हक्क मान्य केला. १८८९ सालीं ज्यांच्या आवाजास बळ नव्हतें त्यांच्या हातीं मत आलें, आणि तें आलेलें ऐकावयास रमाबाई जिवंत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या वारल्या. शेवटचीं वर्षें त्यांनीं बायबलाच्या मराठी भाषांतरांत घालविलीं. त्याकरितां उतारवयांत इब्री व हेल्लेणी भाषांचा अभ्यास केला, आणि अठरा हजार श्लोक पाठ असलेल्या या पंडितेनें खेड्यांतील बाईला कळेल अशी साधी मराठी मुद्दाम वापरली. खिळे जुळविले तेहि मुक्तिसदनांतील मुलींनीं. संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला. पुढें स्वतंत्र भारताच्या सरकारनें १९८९ सालीं त्यांच्या चित्राचें टपालाचें तिकीट काढिलें. एके काळीं परकी ठरलेली स्त्री येणेंप्रमाणें देशाची म्हणून मान्य झाली. परंतु या मान्यतेला पुष्कळ वर्षें लागलीं, आणि मान्यतेकरितां त्या कधीं थांबून राहिल्या नव्हत्या.

आतां दोन शब्द आमच्या मंडळ्यांस. आमच्या जिल्ह्यांतील नर्सी हें परंपरेनें संत नामदेवांचें जन्मगांव मानितात. औंढ्याच्या देवळाची कथा तर येथील लहान मुलांसहि ठाऊक आहे; नामदेवांस समोरून उठविलें, ते मागल्या बाजूस जाऊन कीर्तन करूं लागले, तेव्हां देऊळच फिरलें, असें लोक सांगतात. त्याच शिंप्याच्या मुलाचीं ६१ पदें पंजाबांतील शिखांच्या ग्रंथसाहेबांत आदरानें ठेविलीं आहेत. त्याकरितां नामदेवांस महाराष्ट्र टाकावा लागला नाहीं, आणि शिखांसहि आपला पंथ टाकावा लागला नाहीं. मनुष्य जसा आहे तसा घेणें ही गोष्ट या मातीला नवी नाहीं. ती वरचेवर विसरली जाते, इतकेंच.

म्हणून जी ख्रिस्ती भगिनी पंचायतींत निवडून आली आहे, तिनें आपण गांवाच्या आहों कीं ख्रिस्ताच्या आहों या प्रश्नानें गोंधळून जाऊं नये. रमाबाई दोन्हीं होत्या, आणि एकीकरितां दुसरी त्यांनीं सोडिली नाहीं. तिनें पाण्याचा, रेशनाचा, शाळेचा प्रश्न मांडतांना साऱ्या गांवाचा मांडावा, आपल्या आळीपुरता नव्हे. तिच्या नवऱ्यानें तिच्या खुर्चीवर बसूं नये. दप्तर वाचून दाखवावें, अडलें तर समजावून सांगावें, आणि बाजूला व्हावें. अनंतशास्त्र्यांनीं तेंच केलें होतें.

आणि ज्या मंडळींत बायका सतरंजीच्या एका टोंकाला बसून गाणीं म्हणतात परंतु पंचमंडळींत त्यांस कोणी विचारीत नाहीं, ज्या मंडळींत अमुक जातींतून आलेल्या कुटुंबाशीं सोयरीक करावयास अजून लोक कचरतात, त्या मंडळीनें रमाबाईंची जयंती करण्यापूर्वीं थोडें थांबावें. बाहेरच्यांनीं आम्हांस आहों तसे पत्करावें असें वाटत असेल, तर आपल्या अंगणांत तें आधीं घडलें पाहिजे. उपदेशक बंधूंनीं येत्या महिन्यांत एखाद्या सायंकाळीं हें चरित्र बायकांच्या सभेंत वाचून दाखवावें, आणि वाचून झाल्यावर स्वतः न बोलतां त्यांस बोलूं द्यावें. आवाज प्रथम लहान येईल. तो ऐकूं येत नाहीं अशी तक्रार न करितां, ऐकणाऱ्यांनीं जरा पुढें सरकून बसावें.